सुभेदारांची जीभ

सुभेदारांनी मला खोली दिली ती दोन फुलपात्रं ताक पाजून.

सांगलीच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली होती आणि एकट्या बाईला खोली द्यायला गावात कुणी तयार नव्हतं. साताऱ्याची, लग्न न झालेली, सोबत कुणी नाही, एवढं कानावर पडलं की घरमालकिणी दारातूनच "बघून सांगतो" म्हणायच्या आणि दार लोटायच्या. उन्हात वणवण करून हरिपूरच्या रस्त्यावरच्या एका कौलारू घरापाशी पोचले तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं. ओसरीवर एक उंच, सडसडीत म्हातारा बसला होता. पांढऱ्या मिशा, खाकी अर्धी चड्डी आणि वर घरी शिवलेली बंडी. त्यांनी माझं म्हणणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. आत हाक मारून दोन फुलपात्रं ताक मागवलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"दोनी प्या. फरक सांगा."

म्हातारा भ्रमिष्ट आहे असं मला वाटलं. पण घशाला कोरड पडली होती, म्हणून प्यायले. "दुसरं कालचं आहे," मी म्हटलं. "आणि पहिल्यात आलं किसून घातलंय, ठेचून नाही."

"पास," ते म्हणाले. "वरची खोली बघून घ्या."

मी बी.ए.ला पास झाले तेव्हाही मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. त्यानंतर कित्येक वर्षं तो शब्द त्यांच्या तोंडून मला मिळाला नाही. आणि मिळाला तेव्हा तो मला नको होता. पण ते पुढं.

सुभेदार खरं तर सुभेदार नव्हते. मूळचे कऱ्हाडकडचे, पहिल्या लढाईत बसऱ्याकडं जाऊन आलेले, ऑफिसरांच्या मेसमधले हवालदार. पण सांगलीला कुणाच्या तरी तोंडून एकदा सुभेदार निघालं आणि ते त्यांना असं काही शोभलं की पुढं त्यांनीही हरकत घेतली नाही. मेसमध्ये विलायतेहून बोटीनं काळ्या बीरच्या पेट्या यायच्या. तिला साहेबलोक स्टाउट म्हणत आणि सुभेदार इस्टौट. बसऱ्याच्या उन्हात निम्म्या बाटल्या नासायच्या आणि साहेबांच्या पुढ्यात नासकी बाटली गेली तर हवालदाराची पाठ सोलून निघायची. तेव्हा कुणा एका मेजरसाहेबानं ह्यांना चाखायला शिकवलं. पेटी आली की आधी हवालदारानं चाखायची. चांगली असली तर "पास", नसली तर "रिजेक". तिसरा शब्द नाही. "बरी आहे", "चालंल" असलं बोलणाऱ्याला साहेब खोलीबाहेर काढायचा म्हणे.

ती रीत त्यांनी पेन्शनीबरोबर घरी आणली. चहा असो, कढी असो, विहिरीचं पाणी असो, सगळ्याला तोच कायदा. आधी भांडं उजेडाला धरायचं. मग नाकाशी न्यायचं, पण लगेच नाही. आधी एकदा श्वास सोडून नाक रिकामं करायचं. मग एक लहानसा घोट, तो तोंडात ठेवून आढ्याकडं बघायचं. आढ्याकडं का, असं मी एकदा विचारलं होतं. "समोर मानूस असला की त्येच्या तोंडाकडं बगून निकाल लागतो," ते म्हणाले. मग शेजारच्या पितळी पिकदाणीत घोट टाकायचा आणि मागून येणाऱ्या चवीची वाट बघत डोळे मिटून बसायचं. घोट कधी गिळायचा नाही. "गिळला की पोट वकिली कराया लागतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. अर्थात जेवताना ते आमच्यासारखंच गिळत असत, पण पहिला घास पिकदाणीत गेल्याशिवाय जेवण सुरू होत नसे. बाहेरच्या पाहुण्यांना हे बघून मळमळायचं. आम्हांला सवय झाली होती.

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे काकी म्हणायचो. ठेंगणी, गोरी, हसली की डोळे मिटणारी बाई. "लगीन झाल्यापास्नं माजी एक भाकर पास झाली न्हाई बगा," असं त्या मला भाकरी थापता थापता सांगायच्या. "करपली, रिजेक. न्हाई करपली, पिठुळ लागती, रिजेक. आनि रिजेक म्हनून चार खात्यात."

मलाही सुटका नव्हती. मी रोज सकाळी शाळेत जायच्या आधी माझ्या आमटीची एक वाटी खाली पाठवायची, ती संध्याकाळी अर्धीअधिक रिकामी होऊन परत यायची आणि सोबत काकींच्या तोंडी निकाल. "रिजेक. चिंच जुनी हाय म्हनत्यात." "रिजेक. फोडनीत मोहरी तडतडली न्हाई." एकदा मी चिडून त्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. काकींच्याच पातेल्यातली डाळ माझ्या वाटीत घालून पाठवली. निकाल आला, "ही आमच्याच चुलीवरची हाय. चोरीचा माल. रिजेक." काकी आणि मी पोट धरधरून हसलो.

वर्षातून एकदा, दसऱ्याला, खऱ्या मालाची पाळी यायची. बेळगावच्या छावणीतून कुणीतरी जुना दोस्त त्यांना स्टाउटच्या एकदोन बाटल्या आणून देई. तलवारीची पूजा झाली की सुभेदार फेटा बांधून ओसरीवर बसत आणि गल्लीतली माणसं अंगणात जमत. पेल्यात ती काळीभोर बीर ओतली की वर तपकिरी फेस चढायचा. "फेस म्हंजी फेटा," सुभेदार सांगायचे, "बसला की इज्जत गेली." पेला उन्हात धरला की कडेला काकवीसारखा लाल रंग दिसला पाहिजे. वासात करपल्या भाकरीची खरपूस कड पाहिजे, थोडा जळका गूळ पाहिजे. घोट आधी कडू, मग गोडसर, आणि सगळं संपल्यावर पुन्हा कडू. हे सगळं जमलं तर ते ओसरीवरून मोठ्यानं "पास" म्हणायचे आणि अंगणात टाळ्या पडायच्या. गल्लीत वर्षभरात त्यांच्याकडून पास होणारी वस्तू तेवढी एकच. मग ते एक पेला सावकाश प्यायचे आणि उरलेली परसातल्या शेवग्याच्या बुडाशी ओतायचे, कारण काकी घरात ठेवू देत नसत. शेवग्याला शेंगा मात्र दणकून लागायच्या.

दुसरी लढाई सुरू झाली आणि बाटल्या यायच्या बंद झाल्या. अखेरच्या दोन उरल्या होत्या. त्यातली एक चैत्राच्या उन्हात कपाटात फुटली आणि काकींची दोन लुगडी खराब झाली. राहिली एक. ती लढाई संपल्यावर उघडायची असं सुभेदारांनी जाहीर केलं, पण तोवर ठेवायची कुठं? तेव्हा त्यांना पेव सुचलं.

हरिपुरात हळद ठेवायची पेवं असतात, हे बाहेरच्याला सांगावं लागतं. जमिनीत खोल खणलेलं, रांजणाच्या पोटासारखं फुगीर कोठार. वर तोंड माणूस उतरेल एवढंच. हळद भरायची, वर उसाचा पाला, मग फरशी, मग माती. आत वारा जात नाही, कीड लागत नाही, हळद वर्षानुवर्षं राहते. मात्र एकदा तोंड उघडलं की सगळा माल बाहेर काढावा लागतो. शेजारच्या अण्णांचं असं एक पेव होतं. अण्णा जैन, हळदीचे व्यापारी, कानडी वळणाचं मराठी बोलणारे, दिवस मावळायच्या आत जेवणारे, कांद्यालासुद्धा हात न लावणारे. सुभेदार एका उन्हाळ्यात त्यांच्या रिकाम्या पेवात शिडीनं उतरले होते आणि आत त्यांना बसऱ्याच्या मेसच्या तळघरासारखं गार लागलं होतं. पेव भरलं तेव्हा त्यांनी गोणपाटात गुंडाळलेली बाटली वरच्या पाल्यात ठेवायला दिली. "काय आहे?" अण्णांनी विचारलं. "औषद," सुभेदार म्हणाले. फरशी बसली, माती पडली. पुढं लढाई संपली, पण हळदीचा भाव पडलेला होता, म्हणून अण्णा पेव उघडेनात आणि सुभेदारांना तगादा लावता येईना.

लढाई संपली त्याच पावसाळ्याच्या शेवटी सुभेदारांना मुदतीचा ताप आला. काकींनी आणि मी आळीपाळीनं पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. ताप उतरला, डॉक्टरांनी पेज सुरू करायला सांगितली, मग भात, मग भाकरी. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. आणि एका संध्याकाळी काकी जिना चढून वर आल्या. त्या कधी वर येत नसत. हातात माझी वाटी होती, काठोकाठ भरलेली, सकाळी पाठवली होती तशीच.

"बाई," त्या म्हणाल्या, "ह्येनी पास म्हनलं वो."

मी वाटीकडं बघितलं. त्या दिवशी शाळेच्या घाईत मी आमटीत मीठच घातलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकींनी मुद्दाम भाकरी जाळली. पास. ताकात हिंग जास्त घातला. पास. सगळं पास व्हायचं आणि सगळं ताटात राहायचं. दोन घास, की हात धुतला. अंगावरचं मांस उतरत चाललं, खांद्यावरची बंडी लोंबायला लागली. डॉक्टर म्हणाले, "रोग गेलाय. आता जेवले नाहीत तर मात्र माझ्या हातात काही नाही." काकी दाराआड उभ्या होत्या, त्यांनी ते ऐकलं.

मी सुभेदारांच्या खाटेपाशी जाऊन बसले आणि सरळ विचारलं. मला आडून बोलता येत नाही.

"चव लागत नाही ना?"

ते आढ्याकडं बघत राहिले. "तोंडात माती हाय, बाई." मग म्हणाले, "न्हाई. मातीला बी चव असती."

"मग पास कशाला म्हणता?"

"रिजेक म्हनायला कायतरी लागलं पायजे न्हवं? चव कळली न्हाई तर कुनाला नापास करायचं? त्यो अन्याव झाला."

मला हसू आलं. मी म्हटलं, "अण्णांच्या पेवातली बाटली काढू या. ती तरी कळेल."

ते एकदम उठून बसले. "ती नगं! ती बी पान्यावानी लागली तर मग काय ऱ्हायलं? बंद हाय तवर ती चांगली हाय." आणि भिंतीकडं तोंड करून पडले. इतका दणदणीत आवाजाचा माणूस भ्यालेला मी पहिल्यांदाच पाहिला. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त दया आली.

काकींनी मात्र तेवढ्यात ठरवून टाकलं होतं. पदर खोचून त्या म्हणाल्या, "चला अण्णांकडं."

अण्णा ओट्यावर बसून हळकुंड मोडून आतला रंग बघत होते. काकींनी पदर तोंडाला लावला. बोलायचं माझ्यावर आलं.

"अण्णा, तुमच्या पेवात सुभेदारांची बाटली आहे. ती हवी आहे. आणि त्यात औषध नाही. बीर आहे."

अण्णांच्या हातातलं हळकुंड तसंच राहिलं. "बीर? माझ्या पेवात?"

"हो."

"आणि मी रोज त्याच्यावरनं बस्तीला जातोय दर्शनाला!" त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी विचारलं, "मला औषध म्हणून सांगितले होते. मी औषध म्हणून ठेवून घेतलो. त्यानं त्यांना गुण येईल काय ओ?"

"ठाऊक नाही. पण दुसरं काही उरलेलं नाही. ते जेवत नाहीत, अण्णा."

अण्णांनी काकींकडं बघितलं. "मग औषधच म्हणायचं की," ते म्हणाले आणि उठले. "मी काय खोटं ठेवून घेतलो नाही. गड्यांना सांगतो. पेव उघडू या." सगळी हळद आता पडत्या भावात काढावी लागेल, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. ते त्याविषयी तेव्हाही बोलले नाहीत आणि नंतरही नाही.

गड्यांनी माती उपसली, फरशी सरकवली, आणि आतून असा गरम, कोंदट झोत आला की आम्ही सगळे मागं हटलो. "आत भट्टी झालीया," एक गडी म्हणाला. पेवाच्या तोंडाशी लगेच वाकायचं नसतं, कोंडलेली हवा माणसाला खाली ओढते. म्हणून पेव रात्रभर उघडं ठेवलं. सकाळी कंदील सोडून पाहिला, तो जळत राहिला, तेव्हा गड्यानं आकडीनं गोणपाट वर काढलं. बाटली पिवळीधमक झाली होती. काकींनी ती पदरानं पुसली आणि देवाचा प्रसाद आणावा तशी दोन्ही हातांनी घरी आणली.

बाटली दिसली तेव्हा सुभेदार खाटेवर उठून बसले. तिच्या टोपणावरून त्यांनी अंगठा फिरवला. मग म्हणाले, "फेटा द्या."

आम्ही त्यांना ओसरीवर बसवलं. अण्णाही आले, पण पायरीच्या खाली, अंगणातच उभे राहिले. सुभेदारांनी स्वतः टोपण काढलं. ओतली. काळीभोर होती, फेसही चढला. पेला उन्हाला धरला, कडेला लाल रंग होता. "डोळ्यानं पास," ते पुटपुटले. श्वास सोडून नाक रिकामं केलं, वास घेतला आणि पुन्हा एकदा घेतला. काकींनी माझा हात धरला.

त्यांनी घोट घेतला आणि आढ्याकडं बघितलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ते पास म्हणाले तर आम्हांला काहीच कळणार नाही. त्या ओसरीवर त्या बीरची परीक्षा करू शकणारी जीभ एकच होती आणि तीच आजारी होती. पास म्हणाले तर ते खरं मानून हसायचं, आणि दुपारी भरलेलं ताट पुन्हा उचलायचं. मी मनातल्या मनात म्हणत होते, पास म्हणू नका, काही झालं तरी पास म्हणू नका.

त्यांच्या गालात घोट इकडून तिकडं फिरला. डावी भुवई वर गेली. मग उजवी. मग सगळा चेहराच आक्रसला, आणि त्यांनी तो घोट पिकदाणीत टाकायच्या ऐवजी असा थुंकला की तो थेट पायरीवर गेला. अण्णांनी टुणकन उडी मारली.

"रिजेक!"

काकी पुढं झाल्या. सुभेदारांनी बोट वर करून आम्हांला थांबायला सांगितलं. त्यांनी दुसरा घोट घेतला.

"आंबलीया!" ते ओरडले. "भिजल्या पुठ्ठ्याची चव हाय. टोपनाचं लोखंड उतरलंय. आनि मागनं, थांबा, मागनं हळद! हळद लागलीया इस्टौटला! आरं काय सत्यानास केलाय बाटलीचा!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते मिशा पुसत एकेक खोड सांगत होते. "चूक माजी. रिकामं पेव गार लागलं, भरल्या पेवाचा इचार केला न्हाई. लय वंगाळ, लय वंगाळ! असली नासकी म्या बसऱ्यात बी चाखली न्हाई!"

काकी तिथंच पायरीवर बसल्या आणि हमसून हमसून रडायला लागल्या. माझंही काही वेगळं चाललं नव्हतं.

"आगं रडतीस काय," सुभेदार म्हणाले, "भाकरी आन."

भाकरी आली, झुणका आला. पहिला घास त्यांनी रीतीप्रमाणं पिकदाणीत टाकला. "मीठ कमी," ते म्हणाले. "रिजेक." आणि तीन भाकऱ्या खाल्ल्या. काकी वाढत होत्या आणि प्रत्येक रिजेकला पदराआड हसत होत्या. इतकी वर्षं त्या शब्दानं त्यांना जाळलं होतं, आणि आज तो त्यांना पुरत नव्हता.

अण्णा अजून अंगणातच होते. "काय सुभेदार," त्यांनी लांबूनच विचारलं, "औषध कसं निघालं?"

"नासकं निघालं, अण्णा!" सुभेदार तोंडात घास असतानाच म्हणाले. "पन लागू पडलं!"

उरलेली बाटली शेवग्याला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी आमटी खाली पाठवली आणि शाळेत दिवसभर मुलींना काय शिकवलं ते मला आठवत नाही. संध्याकाळी काकी पुन्हा जिना चढून वर आल्या. वाटी चाटूनपुसून रिकामी होती.

"बाई," त्या डोळे मिटून हसत म्हणाल्या, "रिजेक."